तिसरी हाळी

हाळ्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांना तो हाळ्या. दगडाच्या खाणीवर सुरुंग उडवायच्या आधी जो ओरडून माणसांना सावध करतो, त्याचं दुसरं काय नाव पडणार? गळा असा, की खाणीच्या तळाशी उभा राहून ओरडला तर वरच्या रस्त्यावरचा ट्रकवाला ब्रेक मारायचा. बायको म्हणायची, आमच्याकडं कानात बोलायची सोय नाही, बोललं की शेजाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं.

हाळ्या तीन हाळ्या द्यायचा. आधी एक लांबलचक ‘होऽऽ’, मग शब्द. पहिल्या हाळीला हातातली हत्यारं खाली. दुसरीला माणसं मागं, पार पांढऱ्या दगडांच्या रेघेपलीकडं. आणि तिसरीला वात पेटायची. तिसरी हाळी गेली की मग देव आला तरी थांबवता येत नाही, असं जुना सुरुंगवाला म्हणायचा.

दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये हाळ्या एक काम करायचा, जे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो खडी फोडणाऱ्या बायकांकडं चालत जायचा आणि एकेकीचं तोंड बघून यायचा. मुकादम लांबूनच हात हलवून ‘सगळ्या आहेत’ म्हणायचा, पण हाळ्याचा त्या हातावर विश्वास नव्हता. बायकांत त्याची थोरली वहिनी असायची. भाऊ गेल्यावर तिनं हातोडी धरली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा हाळ्याला नाक पुसायची अक्कल नव्हती, पण तेव्हापासून ती त्याला ‘भाऊजी’च म्हणायची, आणि पदरानं नाकही पुसायची. तो जवळ आला की ती बाकीच्यांना म्हणायची, आले गं आमचे भाऊजी, नीट मोजून घ्या म्हणावं, एखादी कमी भरायची. बायका हसायच्या. मग हाळ्या वर जाऊन तिसरी हाळी द्यायचा. त्याच्या वेळेत सुरुंगानं कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेईना. खाणीत पाणी भरलं, ड्रिलच्या मशिनी बुडाल्या. मालक म्हणाला, पंप येतोय. पंप आज येतोय, उद्या येतोय करता करता महिना उलटला. काम नाही म्हणजे आठवड्याचा पगार नाही. मालकाच्या घरी काही चुली विझल्या नव्हत्या, त्यामुळं त्याला घाई नव्हती. मजुरांच्या खोल्यांच्या ओळीत मात्र पत्रे गळत होते, ओल्या कपड्यांचा वास सुटला होता, आणि दुकानदारानं उधारी बंद केली होती.

अशा वेळी मामा आला.

तो कुणाचा मामा होता कोण जाणे. मोटारसायकलवरून यायचा, खिशात पोरांसाठी गोळ्या असायच्या. बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आपल्याचसाठी जेवायचा थांबलाय. पगार होईपर्यंत लागतील तेवढे घ्या म्हणायचा. कागद नको, तारण नको. आणि व्याज हा शब्द त्याच्या तोंडी चुकून यायचा नाही. ‘आपण काय सावकार आहोत का? पगाराच्या दिवशी मामाचा मान तेवढा ठेवायचा,’ असं तो म्हणायचा.

मान! या शब्दालाच खरं तर जोड्यानं मारायला हवं होतं. पहिला मान मामा देतानाच कापून घ्यायचा, म्हणजे हातात पडायचं कमी आणि डोक्यावर बसायचं पुरतं. मग दर पगाराला मान. चार-पाच पगारांत घेतलेलं सगळं मानातच परत जायचं, आणि मुद्दल जिथल्या तिथं. एका आठवड्याला मान चुकला, की त्या चुकलेल्या मानावर पुन्हा मान. ड्रिलवाला म्हणायचा, मामाच्या मानाला पोरं होतात रे, आपल्या बकऱ्यांना होत नाहीत. आणि म्हणायचा, मामा तो, पण मामा बनलो आपण. तेव्हा सगळे हसले होते. हसणं फुकट होतं.

पाणी उतरलं, काम सुरू झालं. पगाराच्या खिडकीपासून फाटकापर्यंत जायच्या वाटेवरच मामानं टेबल टाकलं. मालकाच्या जागेत, मालकाच्या परवानगीनं. ती परवानगी कशी मिळाली हे न कळण्याइतकं कुणी दूधखुळं नव्हतं. खिडकीतून पगार घ्यायचा, टेबलावर ठेवायचा, आणि रिकाम्या हातानं फाटकाबाहेर पडायचं. काहीजण तिथंच पुन्हा घ्यायचे, कारण घरी जाऊन शिजवायचं काय?

हाळ्यानं पहिल्यांदा घेतले ते पोरीच्या तापासाठी. ताप उतरेना, पुन्हा घेतले. तरी औषधाला कमीच पडत होते, तेव्हा वहिनीनं पदराची गाठ सोडून पैसे दिले. साठवलेले आहेत, म्हणाली. पोरगी उठून बसली. हाळ्या मात्र त्यानंतर बसला तो बसलाच. तीन पगार मान चुकला, आणि चौथ्याला तो टेबलासमोर मान खाली घालून उभा राहिला.

मामानं त्याला शिवी दिली नाही, उलट बसायला सांगितलं. म्हणाला, अरे एवढा मोठा गळा, आणि तू तो आठवड्यातनं दोनदा वापरतोस. सकाळी कामाला जाता जाता, ज्यांचं राहिलंय त्यांच्या दारात एकेक हाळी दे. तुझा मान माफ.

‘म्हणजे वसुली,’ हाळ्या म्हणाला.

‘वसुली कसली? नुसती आठवण. आठवण करून देणं पाप आहे का?’

हाळ्या घरी आला तेव्हा बायकोनं ऐकून घेतलं आणि पोरीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. पोरीच्या हाताच्या काड्या झाल्या होत्या. मान माफ म्हणजे घरात दूध, एवढा हिशोब दोघांनाही येत होता. बायको नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

पहिल्या दिवशी ती गंमतच झाली. ड्रिलवाल्याच्या दारात हाळ्यानं सवयीनं लांब सूर लावला, ‘होऽऽ, मामाचं राहिलंय!’ ड्रिलवाला तोंडात ब्रश धरून बाहेर आला आणि म्हणाला, दगड फुटायचाय का माझं नशीब? शेजारपाजार हसला. हाळ्यालाही बरं वाटलं. दारात तो दोनच हाळ्या द्यायचा. तिसरी द्यायला जीभ वळली नसती. तिसरी वातीची होती.

दुसऱ्या आठवड्यात कुणी हसलं नाही. पोरं त्याला मामाचा कोंबडा म्हणायला लागली. ड्रिलवाला इतकी वर्षं अर्धी बिडी त्याला द्यायचा, ती आता पूर्ण ओढून टाचेखाली चिरडायचा. म्हाताऱ्या ट्रकवाल्याची सून दारात आली आणि म्हणाली, सासरे घरात नाहीत. मागच्या भिंतीआडून सासऱ्याचा खोकला ऐकू येत होता. हाळ्यानं ऐकला नाही असं केलं, तरी हाळी दिलीच.

आणि मग ते भांड्यांचं सुरू झालं. सकाळच्या वेळी ओळीत किती आवाज असतो. पातेली, बादल्या, रडणारं मूल, कुणाचा तरी रेडिओ. हाळ्याचा ‘होऽऽ’ ओळीच्या तोंडाशी उठला, की एकेका खोलीतला आवाज बंद पडत जायचा. आधी भांडी, मग रेडिओ, मग मुलाच्या तोंडावर हात. दारं लागायची, आणि दाराआड माणसं श्वास धरून उभी राहायची. ज्या आवाजानं माणसं वाचायची, त्याच आवाजाला ती आता लपायला शिकली. हाळ्याला ते कळत होतं. रोज कळत होतं आणि रोज तो जात होता, कारण घरात दूध होतं.

एका पगाराला मामा सहज म्हणाला, उद्यापासून शेवटची खोली पण घे.

शेवटची खोली वहिनीची. हाळ्या म्हणाला, ती माझी वहिनी आहे, तिनं कशाला घेतलेत?

‘तुझ्याच पोरीच्या औषधाला की. तुला सांगितलं नाही वाटतं,’ मामा म्हणाला. मग टेबलावरचे पैसे रबरात बांधत त्यानं समजावलं, की तिला सोडलं तर बाकीचे म्हणणार, हाळ्या घरच्यांना झाकतो. ‘नाव तुझंच खराब होईल. मला काय?’

हाळ्याच्या डोळ्यांपुढं पदराची ती गाठ आली. साठवलेले आहेत, म्हणाली होती. त्या क्षणी टेबल उलटवायचं होतं त्यानं. कुणीही म्हणेल, उलटवायला हवं होतं. त्यानं विचारलं, माझा मान माफ राहील ना? मामा म्हणाला, राहील की.

सकाळी तो शेवटच्या खोलीसमोर उभा राहिला. घसा खाकरला. सूर लावला तो अर्ध्यात चिरकला, पुन्हा लावला. वहिनी दार उघडून बाहेर आली. हातात गाळणं होतं. ओळीतली सगळी दारं आतून कान देऊन उभी होती. ती त्याच्याकडं बघून म्हणाली,

‘हाळी झाली की आत या भाऊजी. चहा ठेवलाय.’

तिनं शिवी दिली असती तर त्याला पचली असती. तो आत गेला नाही. दुसरी हाळी दिली आणि खालमानेनं खाणीकडं निघाला. दुसऱ्या दिवशी तिचं दार उघडलं नाही. आतलं पातेलं वाजत होतं ते थांबलं. त्यानंतर ती त्याच्या वाटेला आलीच नाही. नळावर तो दिसला की ती भरलेली बादली उचलून मागच्या वाटेनं जायची.

आणि हाळ्याही तिच्या वाटेला जाईना. सुरुंगाच्या वेळी खडीवाल्या बायकांकडं चालत जायचं, एकेकीचं तोंड बघायचं, ते त्यानं सोडून दिलं. कोणत्या तोंडानं त्यांची तोंडं बघणार? मुकादम लांबून हात हलवायचा, सगळ्या आहेत. हाळ्या तो हात खरा मानायचा.

मामाचं समाधान एवढ्यानं होणार होतं थोडंच? तो म्हणाला, लोक दारं लावून घेतात, पण खाणीला कुठं दार आहे? दुपारी जेवणाच्या सुट्टीत खाणीवरच हाळी देत जा. मग दुपारीही सुरू झालं. मामा मोटारसायकलवर टेकून उभा राहायचा, हाळ्या ओरडायचा, आणि ज्यांचं राहिलंय ते डबा अर्धा टाकून दगडांच्या आड जायचे. ड्रिलवाल्यासारखा सहा फुटी माणूस ट्रकच्या चाकामागं उकिडवा बसलेला हाळ्यानं डोळ्यांनी पाहिला. माणसाला माणसाची शरम वाटावी असं ते बसणं होतं.

सुरुंग नेहमी संध्याकाळी उडायचा, काम उरकत आल्यावर. त्या दिवशी मालकाला घाई होती. रस्त्याच्या कामावर खडी कमी पडली होती, ट्रक रांगेत उभे होते. मालक म्हणाला, दुपारीच उडवा. मुकादमानं पुरुषांना सांगितलं. बायकांना कुणीतरी सांगेल असं प्रत्येकाला वाटलं.

ऊन रणरणत होतं. वारा उलटा होता, हाळ्याच्या तोंडावर धूळ फेकत होता. मामाची मोटारसायकल नेहमीसारखी वर येऊन थांबली. हाळ्यानं पहिली हाळी दिली. सूर पोचला, पण शब्द वाऱ्यानं मागंच ठेवले. दुसरी दिली. माणसं रेघेपलीकडं गेली. बायकांच्या जागी खडीचे ढीग, त्यांच्यामागं पत्र्याचा आडोसा, त्याखाली डोकी दिसत होती. मुकादमानं हात हलवला.

वहिनीच्या जागेवर तिची हातोडी आडवी पडलेली हाळ्याला दिसली. पाणी प्यायला गेली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. चालत गेलं असतं तर फार लांब नव्हतं. पण ती तिथं असती तर तिच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. तो गेला नाही. तिसरी हाळी दिली.

वात पेटली, सुरुंगवाला पळत आला, आणि त्याच वेळी खालच्या कपारीत काहीतरी हललं. निळं लुगडं. दगडाच्या पोटात अंग चोरून बसलेली बाई, कानांवर दोन्ही हात. हाळ्या ओरडला. आयुष्यात ओरडला नव्हता तेवढं ओरडला, बाहेर ये, वहिनी, बाहेर ये. आणि जसा जसा तो ओरडत होता, तशी ती आणखी आत सरकत होती.

धूळ बसायच्या आत तो खाली होता. तिच्या डाव्या पायावर दगड होता. ड्रिलवाल्यानं पहार घातली, दोघांनी मिळून तो उचलला, आणि खाली जे उरलं होतं त्याला पाय म्हणवत नव्हतं. हाळ्यानं तिला पाठीवर घेतलं. लहानपणी जिनं त्याला कडेवर घेतलं होतं ती बाई आता रिकाम्या पोत्यासारखी हलकी लागत होती. खाणीच्या चढावर तिला शुद्ध आली. तोंड त्याच्या कानाशीच होतं.

‘तुमचा आवाज आला भाऊजी,’ ती म्हणाली, ‘म्हणून लपले.’

दवाखान्यात घोट्याच्या वरून पाय काढला. मालकानं मुकादमाकरवी निरोप पाठवला, की बाई नेमल्या जागेवर नव्हती, तेव्हा कंपनीची जबाबदारी नाही. मुकादमाला हे सांगताना लाज वाटली असावी, कारण तो भिंतीकडं बघून बोलला.

तिसऱ्या दिवशी मामा घरी आला. चपला बाहेर काढून आला, पोरीच्या हातात गोळी ठेवली, आणि हळहळला. मग खिशातून पैसे काढून बाजेवर ठेवले. दवाखान्याचं, पट्ट्यांचं, कुबडीचं, सगळं मी बघतो म्हणाला. घरचाच आहे मी. फक्त हाळी बंद पडू देऊ नकोस, चार दिवसांत लोक सैल झालेत.

हाळ्याची बायको इतका वेळ चुलीशी पाठ करून बसली होती. ती वळली.

‘मामा, याच्यावर मान लागंल का हो?’

मामा हसला. म्हणाला, रीत आहे ती, आपण कशी मोडायची?

‘मग ते उचला,’ ती म्हणाली. ‘आणि पाय उसना मिळत असंल तर तेवढा बघा. बिनमानाचा.’

मामा हसायचा थांबला. त्यानं पैसे उचलले, पोरीच्या हातातली गोळी मात्र राहू दिली. दाराशी वळून म्हणाला, माफ केलेला मान मागच्या तारखेपासून धरावा लागेल हाळ्या, वाईट वाटून घेऊ नकोस. तो गेल्यावर बायकोनं पोरीच्या हातातून गोळी घेतली आणि चुलीत टाकली. पोरगी रडली. हाळ्या दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला होता. त्याच्या अंगावर वहिनीच्या रक्तानं माखलेला सदरा तसाच होता, त्यानं तो बदलू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हाळ्या उठला. बायकोनं विचारलं, कुठं? तो म्हणाला, हाळी द्यायला. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं दारामागची काठी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती परत कोपऱ्यात ठेवली.

तो ओळीसमोरून गेला तेव्हा भांडी थांबली, रेडिओ थांबला. पण हाळी आली नाही. तो चालत राहिला. ओळ संपली, दुकान गेलं, शाळा गेली, आणि मामाचा पक्का दुमजली वाडा आला. रंगीत फाटक, वर कुंड्या. आत सकाळ सुरू होती, कुणीतरी कपबशा विसळत होतं, टीव्हीवर गाणं लागलं होतं. हाळ्या फाटकासमोर पाय रोवून उभा राहिला, छाती भरून घेतली, आणि सूर लावला.

‘होऽऽ! मामा! एक पाय राहिलाय!’

सगळ्या गल्लीनं ऐकलं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. दुकानदार दुकानाच्या पायरीवर आला. आणि आत कपबशा थांबल्या. मग टीव्ही थांबला. कडी घातल्याचा आवाज आला. हा आवाज हाळ्याला तोंडपाठ होता, दाराच्या बाहेरून त्यानं तो किती सकाळी ऐकला होता. आता त्या आवाजानं त्याच्या अंगातून जे गेलं ते सुख होतं असं म्हणवत नाही. राग होता तो, पण आता त्याला तोंड मिळालं होतं.

बऱ्याच वेळानं मामा वरच्या सज्जात आला. बनियनवर. गोड आवाज आतच विसरून आला होता. त्यानं आईबहिणीवरून सुरुवात केली, मग पोलिसांत देईन म्हणाला, मग खाणीवरनं काढायला लावीन म्हणाला, तुझं किती निघतं माहीत आहे का म्हणाला. हाळ्यानं सगळं बोलू दिलं. मग पुन्हा छाती भरून घेतली.

‘होऽऽ! वहिनीचा पाय राहिलाय! कधी देताय?’

मामा काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. त्याची नजर हाळ्याच्या मागं गेली होती. हाळ्यानं वळून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. ड्रिलवाला होता, म्हाताऱ्याची सून होती, खडीवाल्या बायका होत्या, हातात डबे, हत्यारं, कामाला निघालेली तशीच. जवळ कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या हाळीनंतर जिथं थांबायचं असतं तेवढ्या अंतरावर, पायांच्या सवयीनं, सगळी एका रेघेत उभी राहिली होती, आणि वाट बघत होती.

मामानंही खाणीवर इतके दिवस मोटारसायकलवर टेकून काढले होते. दुसरीनंतर काय येतं हे त्याला माहीत होतं. त्यानं सज्जाचा कठडा धरला.

हाळ्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. पुढचं तो ओरडला नाही, साध्या आवाजात बोलला. तरी ते वरपर्यंत गेलं.

‘दोन झाल्या मामा. तिसरी राहिलीय.’